फाटकावरची तूर

तिकीट दहा रुपये. माझ्याजवळ पितळी डबा.
एक माणूस आत गेला की एक तुरीचा दाणा डब्यात.
मंडळानं वही दिली आहे, पण फाटकावर उजेड नाही,
रात्री घरी दाणे मोजायचे, मग वहीत आकडा,
आणि दुसऱ्या दिवशी त्याच तुरीच्या घुगऱ्या.

पहिल्या वर्षी, मैदानाच्या सिमेंटला भेगा नव्हत्या तेव्हा,
नागपूरहून पोरी आल्या, मानधनावर खेळणाऱ्या,
गुडघ्यांना निळे पट्टे, एकेक पावणेसहा फूट.
जळक्याची माणसं विचारत होती,
"टोपल्यात चेंडू टाकाचे पैसे भेटतात?"
एकसष्ट दाणे.
त्यातले वीस-बावीस नुसते बस पाहायला आलेले.
बसला एसी होता.

दुसऱ्या वर्षी अडतीस.
वेचणी लांबली होती, कापूस सामन्यासाठी थांबत नाही.
कृषी केंद्राचे भुयारशेठ, बक्षीस त्यांचंच,
आकड्यावर बोट टेकवून म्हणाले,
"घसरण आहे, मारोतराव."

मग टोल्यावरची करिश्मा टेकाम नऊ नंबर घालून उतरली.
दोनशे सहा!
डबा पुरला नाही, टोपीत टाकले.
तिचा बाप पहिल्या रांगेत बसला
आणि सामनाभर चपलांकडे पाहत राहिला.
पुढच्या वर्षी रायपूरच्या संघानं तिला नेलं.
लोक फाटकापर्यंत येत, विचारत,
"आपली पोरगी नाही? मंग राहू द्या,"
आणि दहाची नोट परत खिशात.

यंदा सात वाजेस्तोवर सत्त्याण्णव.
भुयारशेठ खुर्ची ओढून शेजारी बसले.
"पुढच्या साली पुरुषांची कबड्डी घेऊ.
बायांच्या खेळाले पब्लिक नाही.
तुमचीच वही सांगते."
वही माझीच, अक्षर माझं.
काय बोलणार?
लघवीचं निमित्त करून उठलो, भिंतीमागं गेलो.

भिंतीमागं बायका होत्या.
उलट्या घमेल्यांवर, ढेपीच्या पोत्यांवर,
जुन्या बंडीच्या साटीवर चवड्यांवर उभ्या,
कमरेला वेचणीचे ओटे अजून बांधलेले.
एका ठिकाणी वीट काढलेली.
त्या भोकाची कड कपाळं टेकून टेकून
पाट्यासारखी गुळगुळीत झालेली.
हे एका वर्षाचं काम नव्हतं.

आणि भोकाला डोळा लावून माझी बायको.

"सिंधू? आत काऊन नाही आली? पास होता ना घरी."
ती वळली नाही.
"आत खुर्च्यांवर तुमचे लोक. वरडता येते का तिथं?"
मग जरा वेळानं, मला नाही, भिंतीला,
"थे पाच नंबरची पोरगी दरवेळी डावीकडंच वयते.
समोरच्याइले समजलं हाये.
कोणी सांगत काऊन नाही तिले?"

मी पाच वर्षं फाटकावर.
पाच नंबर कुठं वळते, मला ठाऊक नव्हतं.
माझं तोंड कायम रस्त्याकडं.

आतून टाळ्या आल्या, विरळ,
पत्र्यावर पडलेल्या चार चिंचांसारख्या.
इकडं मात्र एकदम असा गिल्ला उठला
की साटीवरून एकजण घसरली
आणि हसत हसत परत चढली.

फाटकावर आलो. खिशात हात घातला.
किती होत्या? तीस? पन्नास?
अंधारात ओटे मोजता येतात, तोंडं नाही.
मूठ भरली आणि डब्यात सोडली.
भुयारशेठ म्हणाले, "हे कोण आत गेलं?"
म्हटलं, "आत कोणीच नाही गेलं."

सकाळी सिंधूनं डबा सुपात रिकामा केला,
खडे वेचता वेचता थांबली.
"यंदा तूर जास्त दिसते."
मी दाढी करत होतो. हूं म्हटलं.

घुगऱ्या झाल्या, खाऊनही झाल्या.
वहीतला रकाना कोराच आहे.
भुयारशेठचा दोनदा फोन येऊन गेला.